चॅम आजोबांचं घर चार पावलं हलवताना

सुरुवातीलाच सांगून टाकते: हुआलेम स्टेशनवर जे काही घडलं त्यात माझा दोष एका अर्जातल्या एका रकान्यापुरता आहे. बाकी सगळं गावाने केलं. गाव याच्या नेमकं उलट सांगतं, पण गाव लिहीत नाहीये, मी लिहितेय.

मार्चमध्ये, आमच्या शाळेला सुट्टी लागली त्याच दिवशी, बाबांना विभागीय कचेरीचं पत्र आलं. बाबा हुआलेमचे स्टेशनमास्तर. स्टेशन केवढं, तर एक फलाट, एक तिकीट खिडकी, एक घड्याळ आणि साधारण चौदा मांजरं. मांजरं का, तर फलाट संपतो तिथेच मासळीचा धक्का सुरू होतो. इंजिनाचा ब्रेक एखाद्या दिवशी लागला नाही तर आमची गाडी थेट बोटींच्या रांगेत जाऊन उभी राहील. शहराकडून तीन डब्यांची गाडी दिवसातून चारदा येते, थोडा दम खाते आणि आल्या वाटेने परत जाते. पुढे जायला रूळच नाहीत.

पत्रात असं होतं की या स्टेशनवर रोज सरासरी तेवीस तिकिटं खपतात. येत्या तीन महिन्यांत हा आकडा शंभरावर गेला नाही, तर स्टेशन बंद करण्यात येईल आणि स्टेशनमास्तरांची बदली ईशान्येच्या पठारावरच्या एका जंक्शनवर होईल. चौदा तासांचा प्रवास. तिथे समुद्र तर नाहीच, पण म्हणे कुणाला त्याची आठवणही येत नाही.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं, घडी केली, डोक्यावर टोपी चढवली आणि दुपारच्या गाडीला हिरवा झेंडा दाखवायला गेले. बावीस वर्षं ते झेंडा दाखवताहेत. गाडीत कुणी असो नसो; छाती पुढे, हात सरळ, आणि चेहऱ्यावर असा भाव, की या झेंड्यावाचून देशाचा कारभार अडून बसेल. त्या दिवशीही हात सरळच होता, पण गाडी दिसेनाशी झाल्यावरही तो खाली येईना. मला ते बघवलं नाही. मी ठरवलं, हे स्टेशन मी वाचवणार.

हे ठरवायला मला अर्धं मिनिट लागलं. त्याचं कारण असं की नुकतीच मी जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते, आणि पहिल्या आलेल्या माणसाला अशक्य असं काही दिसतच नाही. विषय होता 'दात घासण्याचे महत्त्व'. पण परीक्षक म्हणाले होते, या मुलीच्या आवाजात जनतेला हलवण्याची ताकद आहे. जनता कशी हलली ते पुढे येईलच.

फलाटावर हेंगकाकांची कॉफीची टपरी आहे. गावाचं मंत्रिमंडळ तिथेच बसतं. संध्याकाळपर्यंत पत्र सगळ्यांना तोंडपाठ झालं होतं.

"तेवीस? मला तर रोज सातच जण दिसतात," हेंगकाका बर्फावर कॉफी ओतत म्हणाले.

"त्या सातांत मी दोनदा येते, जाताना आणि येताना," लम्योंग मावशी म्हणाल्या. मावशी वाफवलेले बांगडे बांबूच्या टोपल्यांत रचून सकाळच्या पहिल्या गाडीने शहराच्या बाजारात नेतात. बसवाले त्यांच्या टोपल्यांना पायरीही चढू देत नाहीत, वास येतो म्हणतात. म्हणजे गाडी बंद तर मावशींचा धंदा बंद. "आणि तिकिटं का खपत नाहीत, ते मला विचारा. गेल्या वर्षी रेल्वेने पत्र्याचं नवं छप्पर घातलं ना? त्याची सावली पडते राखणदाराच्या घरावर! ज्याच्या घरावर दुसऱ्याच्या छपराची सावली, तो तुमचं स्टेशन कशाला राखेल?"

सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. स्टेशनच्या कडेला बदामाच्या झाडाशेजारी, एका खांबावर, ही जागा राखणाऱ्या, न दिसणाऱ्या आमच्या राखणदाराचं घर आहे. लाल कौलांचं, सोनेरी कडांचं, दाराशी मातीच्या छोट्या बाहुल्या, आत मांजर मावेल एवढं. (मांजर मावतं. आम्ही रोज काढतो.) आणि खरंच, छपराची सावली जमिनीवरून सरकत सरकत खांबावर चढली होती आणि दाराशी जाऊन उभी होती, घरभाडं मागायला आल्यासारखी.

"अरे देवा," हेंगकाका म्हणाले आणि कॉफी गिऱ्हाइकाला द्यायच्या प्लास्टिकच्या पिशवीऐवजी त्याच्या बुटात ओतली.

गेल्याच वर्षी शहराला जाणारा सहापदरी रस्ता सुरू झाला होता, आणि अर्धं गाव त्यावरून जायला लागलं होतं, ही गोष्ट कुणी काढली नाही. रस्ता काय, कुणालाही दिसतो. सावली दिसायला अक्कल लागते.

"मग घर चार पावलं पलीकडे हलवा," आई म्हणाली. आई आमच्या शाळेत गणित शिकवते. तिची सवय अशी, की उत्तर निघालं की ती उठून जाते. उत्तर निघाल्यावर लोकांचं खरं काम सुरू होतं, हे तिला अजून कळलेलं नाही.

कारण चार का? हेंगकाकांनी काठीने सावली मोजली, ती तीन पावलं भरली. मावशींनी मोजली, पाच भरली. मावशींची पावलं लहान. बर्फवाल्याने सांगितलं की डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, तेव्हा सात तरी हवीत. कुणी म्हणालं, घर हलवण्यापेक्षा छप्पर कापा. कुणी म्हणालं, त्यापेक्षा राखणदाराला छत्री द्या. तीन दिवस दुपारी तीनच्या ठोक्याला गावातली कर्ती माणसं फलाटावर काठ्या घेऊन उभी राहत होती आणि एकमेकांच्या सावलीत मोजत होती. शेवटी आईने कागदावर एक त्रिकोण काढला आणि उत्तर आलं, तीन पूर्णांक सात. म्हणजे चारच. सगळे म्हणाले, आम्ही तेच म्हणत होतो.

आता बाबा म्हणाले, "रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय कुंडीसुद्धा हलत नाही."

बाबांनी अर्ज केला. उत्तर आलं, साध्या कागदावरचा अर्ज चालत नाही, सोबतचा छापील नमुना भरावा. नमुन्याचं नाव 'रेल्वे निवासस्थानाचे स्थलांतर'. कचेरीकडे घर हलवण्याचा तेवढा एकच नमुना होता. रकाने असे: राहणाऱ्याचे नाव. हुद्दा. कुटुंबातील माणसे. पाळीव जनावरे.

बाबा दोन दिवस पेन धरून बसले. "खोटं लिहायचं नाही आणि रकाना रिकामा सोडायचा नाही," ते कपाळ चोळत म्हणाले. "नोकरीच्या पहिल्या दिवशी हेच दोन नियम शिकवले होते. दोन्ही एकदम पाळायची वेळ आजवर आली नव्हती गं, तुक्ता."

तुक्ता म्हणजे मी. बाबा जेवायला उठले आणि मी खुर्चीत बसले.

राखणदाराला आम्ही सगळे नुसतं 'आजोबा' म्हणायचो. मी नाव लिहिलं, श्री. चॅम. का, ते विचारू नका; जुन्या माणसाला शोभेल असं वाटलं. हुद्दा? रेल्वेत ज्याला मी घाबरते असा एकच हुद्दा मला माहीत होता, तोच लिहिला: तिकीट तपासनीस. कुटुंबातील माणसे: पत्नी एक, नर्तकी दोन. पाळीव जनावरे: हत्ती दोन, घोडे दोन, सर्व मातीचे. 'सर्व मातीचे' हे मी प्रामाणिकपणा म्हणून लिहिलं. मग लिफाफा चिकटवला आणि दुपारच्या गाडीच्या गार्डच्या हातात दिला. माझा दोष तो एवढाच.

तीन आठवड्यांनी मंजुरी आली. पत्र क्रमांक पाचशे सत्तावीस. 'श्री. चॅम, तिकीट तपासनीस, यांचे निवासस्थान चार पावले पूर्वेस हलवण्यास हरकत नाही. मात्र हत्ती ठेवण्यासाठी वनखात्याची वेगळी परवानगी लागेल. विजेचे बिल सदर कर्मचाऱ्याने स्वतः भरावे.'

बाबांनी पत्र वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं.

"चॅम कोण?" हेंगकाकांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत लम्योंग मावशी म्हणाल्या, "म्हणजे काय! चॅम आजोबा! माझी आई सांगायची त्यांच्याबद्दल. फार कडक माणूस."

 सरकारी शिक्क्याचं पत्र आणि मावशींची आई, एवढे दोन पुरावे समोर असताना मी कोण सांगणार?

घर हलवायला देवळाजवळचे पांढऱ्या कपड्यांतले गुरुजी आले. मुहूर्त नऊ वाजून नऊ मिनिटांचा. चौघांनी घर उचललं, नऊ जणांनी सूचना दिल्या, आणि दुसऱ्याच पावलाला जुना खांब मधोमध मोडला. नवा खांब आणेपर्यंत घर ठेवायचं कुठे? जमिनीवर ठेवणं म्हणजे अपमान. मग हेंगकाकांच्या बर्फाच्या पेटीवर ठेवलं. पाऊण तास राखणदार बर्फावर आणि गाव गरम कॉफीवर.

"आजोबांना सर्दी झाली तर?" मावशी म्हणाल्या.

"तिकीट तपासनीसाला सर्दी होत नाही," हेंगकाका म्हणाले. "उघड्या दारात उभं राहायची सवय असते."

खांब आला, घर चढलं, एका घोड्याचा पाय मोडला तो डिंकाने चिकटवला, नैवेद्याला लाल सरबताची बाटली ठेवून त्यात आठवणीने नळी घातली. दुपारचे तीन वाजले. सावली येऊन घरापासून वीतभर अंतरावर थांबली. टाळ्या पडल्या. आई म्हणाली, "तीन पूर्णांक सात," आणि निघून गेली.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण त्याच महिन्याच्या सोळा तारखेला सरकारी लॉटरीची सोडत झाली आणि शेवटचे तीन आकडे आले, पाच, दोन, सात.

पत्र क्रमांक! लॉटरीत तो आकडा हेंगकाकांनी घेतला होता, मावशींनी घेतला होता, बर्फवाल्याने घेतला होता. गावातल्या अकरा जणांना लागला. आईने दोन दिवस सगळ्यांना पटवून दिलं की हजारात एकदा हे व्हायचंच, यात कुणाचा काही हात नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना ती मध्येच थांबून म्हणाली, "पण पत्र आधी आपल्या घरी आलं होतं. आपण का नाही घेतलं?"

पुढच्या रविवारपासून माणसं यायला लागली. आधी शेजारच्या गावांतून, मग शहरातून, मग नकाशात शोधावी लागतील अशा ठिकाणांहून. चॅम आजोबांना नवसाचे हार आले, उकडलेली अंडी आली, लाकडी कोंबडे आले, प्लास्टरचे झेब्रे आले. पाठीमागच्या भिंतीशी एकशे चाळीस झेब्रे उभे राहिले, त्यात आमची मांजरं लपायला लागली. लोक बदामाच्या खोडाला पावडर चोळून पुढच्या सोडतीचे आकडे शोधत. एका माणसाला खोडात आठ दिसला, त्याच्या बायकोला त्याच जागी शून्य दिसलं. दोघं वेगवेगळ्या गाड्यांनी घरी गेली.

वेगवेगळ्या मोटारगाड्यांनी, बरं का. इथेच तर सगळी गोम होती. सगळे आले मोटारीने, मोटारसायकलीने, टेम्पोने. त्या सहापदरी रस्त्याने. आठवड्याच्या शेवटी बाबांनी आकडा काढला. रोजची सरासरी बावीस. एक तिकीट कमी झालं होतं, कारण बक्षीस लागल्यापासून हेंगकाकांनी मोटारसायकल घेतली होती.

"काका, तुम्हीसुद्धा?" मी म्हटलं.

"अगं, आजोबांनीच दिली. नाही कसं म्हणू?"

पत्रातल्या मुदतीचा दीड महिना उरला होता. बाबा रोज झेंडा दाखवायचे, फलाटावर पाचशे माणसं, आणि एकही गाडीकडे वळून बघायचा नाही. उलट गाडी आली की लोक चिडायचे, उदबत्तीचा धूर हलतो म्हणून. एका बाईने बाबांना सांगितलं, "मास्तर, तेवढी ती गाडी जरा पलीकडे थांबवता का? फोटोत येते." बाबा त्या दिवशी जेवले नाहीत.

मी उठले, स्टेशनच्या कचेरीत गेले आणि ध्वनिक्षेपकाचं बटण दाबलं. जिल्ह्यात पहिला आलेला आवाज हुआलेमच्या धक्क्यावर घुमला.

"सूचना! श्री. चॅम हे तिकीट तपासनीस होते. विनातिकीट माणसाचं त्यांनी आयुष्यात कधी ऐकून घेतलं नाही, यापुढेही घेतील अशी आशा ठेवू नये. तिकीट खिडकी डाव्या हाताला आहे. धन्यवाद."

 सगळ्यांची एकच धावपळ. बाबा खिडकीच्या आत होते म्हणून वाचले.

काय सांगू तुम्हाला तो आठवडा! पहिल्या दिवशी तीनशे, दुसऱ्या दिवशी साडेचारशे, शनिवारी सहाशे बारा तिकिटं. बाबांचा अंगठा शिक्का मारून मारून सुजला. आणि लोक तिकीट निवडून घ्यायला लागले. "मास्तर, हे नको, शेवटी चार आहे. नऊवालं नाही का आत?"

"बाई, ही तिकिटं आहेत, पपया नव्हेत. वरचं येईल ते घ्यायचं."

"दाबून तर बघू द्या!"

एक आजी परतीचं तिकीट मागत होती. बाबा म्हणाले, "आजी, तुम्ही मुळात जाणारच नाही, तर परत कुठून येणार?" आजी म्हणाली, "माझं नाही रे बाळा, आजोबांना कुठे जायचं असलं तर? एकेरी दिलं नि ते गेलेच, म्हणजे?"

तिकीट घ्यायचं, घडी करायची, हारात खोचायचं, हात जोडायचे आणि मोटारीने घरी जायचं. अशी नवी रीत पडली. बाबांचा चेहरा उजळला. शंभराचा आकडा कुठल्या कुठे मागे पडला. मी आरशात बघून मान डोलवली. आणि या सगळ्या गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नाही की दिवसभरात गाडीत अजूनही बावीसच माणसं बसतात. लक्षात आलं ते विभागीय कचेरीच्या.

चौकशीला विसुत साहेब आले. रेल्वेचे निरीक्षक, मोटारीने आले. गाडीची वेळ सोयीची नाही म्हणाले. त्यांनी तिकिटांची पुस्तकं तपासली, मग अकराच्या गाडीच्या तिन्ही डब्यांतून वाकून वाकून फिरले. बाकांखालीही बघितलं.

"मास्तर, काल सहाशे बारा तिकिटं विकलीत. प्रवास केला बावीस जणांनी. पाचशे नव्वद माणसं गेली कुठे?"

बाबांनी टोपी काढली आणि परत घातली. लम्योंग मावशी रिकाम्या टोपल्या घेऊन उतरत होत्या, त्यांनी जाता जाता उत्तर देऊन टाकलं.

"कुठे जायचीत साहेब? त्यांना जिथे जायचं होतं, तिथेच ती आधीपासून उभी होती."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. मग त्यांनी चॅम आजोबांचं घर बघितलं, झेब्रे बघितले आणि विचारलं, "हा कर्मचारी कुठल्या सालचा?" कुणीतरी म्हणालं, "साहेब, आधी तिकीट काढा." साहेबांनी रेल्वेचा पास दाखवला. आमच्या स्टेशनवर पास दाखवून नमस्कार करणारे ते पहिलेच.

आठवड्याने हुकूम आला. बाबांनी तो उभ्यानेच वाचला. मी खांद्यावरून बघत होते. एक: हुआलेम स्टेशनची तिकीट विक्री विभागात सर्वाधिक असल्याने स्टेशन बंद करण्याचा प्रस्ताव मागे घेण्यात येत आहे. (मी उडी मारली.) दोन: स्टेशनमास्तरांची बदली रद्द; त्यांचे अभिनंदन. (मी आईला हाक मारली.) तीन: मात्र गाडीत प्रवासी नसल्याचे पाहणीत आढळले. सबब पुढील महिन्याच्या एक तारखेपासून गाडी बंद करण्यात येत असून, तिकीट खिडकी नेहमीप्रमाणे चालू राहील.

बाबांनी कागद खाली ठेवला.

"स्टेशन आहे," ते हळूच म्हणाले. "मी आहे. तिकिटंही आहेत." मग त्यांनी मला विचारलं, खरंच विचारलं, मला उत्तर माहीत असल्यासारखं: "तुक्ता, मग झेंडा कुणाला दाखवायचा?"

लम्योंग मावशी दारात उभ्या होत्या.  त्यांनी टोपली जमिनीवर ठेवली, तिच्यावरचं फडकं सारखं केलं, परत सारखं केलं.

मी ठरवलं, आता खरं सांगायचं. वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी खरं बोलली तर काय होईल, हे कुणी पाहिलं नव्हतं. रविवारी सकाळी, फलाट गच्च भरलेला असताना, मी ध्वनिक्षेपकाचं बटण दाबलं.

"ऐका! चॅम आजोबा नावाचं कुणी नव्हतं! ते नाव मी अर्जात लिहिलं. मीच! तिकीट तपासनीसही मीच केलं त्यांना. आकडा लागला तो योगायोगाने. तुमच्या या तिकिटांपायी गाडी बंद होतेय. कृपा करून एकतर गाडीत बसा, नाहीतर तिकिटं घेऊ नका!"

माझा आवाज शेवटी कापला. परीक्षक असते तर त्याचे वेगळे गुण मिळाले असते.  मग गर्दीतून एक माणूस घोगऱ्या आवाजात म्हणाला, "आजोबा परीक्षा घेताहेत. या पोरीच्या तोंडून बोलताहेत."

"किती वाजले? किती वाजले?"

"दहा पंचवीस!"

"शून्य, दोन, पाच! लिही, लवकर लिही!"

एक बाई आत आली, माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि समोर लाल सरबताची बाटली ठेवली. नळी घालून. मी 'दात घासण्याचे महत्त्व' सांगितलं तेव्हा सातशे मुलांनी निदान ऐकून तरी घेतलं होतं. मला रडू येत होतं, पण हार घालून रडलं तर लोक त्यातूनही आकडा काढतील, म्हणून मी सरबत प्यायले.

तेवढ्यात माझ्या हातातून कुणीतरी माइक ओढून घेतला. लम्योंग मावशी. बाजारात ओरडून ओरडून तयार झालेला आवाज. त्यांना खरं तर माइकची गरज नव्हती.

"अहो भाविक मंडळी! मी रोज गाडीने जाते, मला एक सांगा. तिकीट तपासनीस झाडाखाली बसून तिकिटं तपासताना कुणी बघितलाय? कुठे तपासतो तो?"

कुणीतरी चाचरत म्हणालं, "गाडीत..."

"चालत्या गाडीत! आणि तुम्ही तिकिटं त्यांच्या दारात टाकून मोटारीने पळता! छिद्र न पडलेलं तिकीट म्हणजे काय? कोरा कागद! आजोबा बिचारे रोज चार फेऱ्या रिकाम्या डब्यांतून हिंडत असतील, हातात चिमटा घेऊन. एक माणूस सापडत नसेल त्यांना! ज्यांना शरम असेल त्यांनी बघा, अकरा पाचची समोर उभी आहे."

परतीचं तिकीट मागणारी ती आजी सगळ्यात आधी निघाली. तिच्या मागून दोघं, मग दहा, मग सगळा फलाट. पाच मिनिटांत तिन्ही डबे भरले. गार्ड छिद्रं पाडता पाडता घामाघूम झाला. बाबा टोपी शोधत सैरावैरा धावले. इतकी माणसं बघून त्यांना झेंडा कुठल्या हातात धरायचा तेच सुचेना.

गाडी सुटल्यावर मी म्हटलं, "मावशी, पण हे सगळं खोटंच झालं ना?"

"खोटं कुठलं? मी फक्त विचारलं," मावशी म्हणाल्या. "तू सांगत सुटतेस, म्हणून गोत्यात येतेस. विचारत जा."

महिनाअखेरीस कचेरीचा माणूस डब्यातली डोकी मोजायला आला, त्याला स्वतःला उभं राहून जावं लागलं. गाडी बंद करण्याचा हुकूम 'पुढील आदेश होईपर्यंत' स्थगित झाला. आमच्याकडे पुढील आदेश यायला नातवंडं व्हावी लागतात, तेव्हा काळजी नव्हती.

आणि मग सोडतीच्या आदल्या दिवशी सकाळची पहिली गाडी. मी फलाटावरच होते. लम्योंग मावशी चार टोपल्या घेऊन आल्या, आणि त्यांना चढायला जागा नव्हती. दारात माणसं, पायरीवर माणसं, आणि आतून कुणीतरी म्हणालं, "मावशी, बसने जा ना, वास येतो!"

"वास?" मावशी कडाडल्या. "तुम्हाला या गाडीत बसवलं कुणी रे?"

घड्याळात सात वीस झाले. गाडी सुटायची वेळ. बावीस वर्षांत बाबांनी गाडी एक मिनिटही थांबवली नव्हती; एकदा तर आईच फलाटावर धावत येत असताना त्यांनी झेंडा दाखवला होता, तो विषय घरात अजून निघतो. सात एकवीस. बाबांनी झेंडा काखेत मारला, दाराशी गेले आणि स्वतःच्या हाताने माणसं सरकवायला लागले. "जरा आत व्हा. तुम्ही, हो तुम्हीच, झेब्रा मांडीवर घ्या. ती टोपली इकडे द्या, मावशी." एक टोपली, दुसरी, तिसरी. चौथी बाकाखाली. मग मावशी. मग बाबा मागे आले, टोपी सरळ केली, आणि हात सरळ करून असा झेंडा दाखवला की मांजरंसुद्धा उठून उभी राहिली. सात चोवीस.

उशिराची नोंद करावी लागते. वहीत कारणाचा रकाना असतो. बाबांनी पेनाची शाई झटकली आणि सुवाच्य अक्षरात एकच शब्द लिहिला: प्रवासी.

दहा दिवसांनी कचेरीने खुलासा मागवला. गाडीच्या विलंबासाठी मान्य कारणे पुढीलप्रमाणे: इंजिनातील बिघाड, सिग्नल, रुळावर पाणी, रुळावर म्हैस. 'प्रवासी' हे कारण यादीत नाही. तरी योग्य कारण निवडून कळवावे.

एरवी असं पत्र आलं की बाबा तीन दिवस मसुदा करतात आणि प्रत्येक ओळीत दोनदा 'नम्र' लिहितात. या वेळी त्यांनी पत्राच्या पाठीवरच उत्तर लिहिलं, मला वाचायला दिलं आणि गार्डच्या हातात ठेवलं.

'यादीत वाढवावे.'